हाताशी काय आणि माळ्यावर काय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या. एक म्हणजे, "तू इतकी वर्षं त्या मोठ्या कॉम्प्युटरवर नक्की काय करत होतास, ते एकदा सगळ्यांना कळेल असं सांग." आणि दुसरी, "वीस मिनिटांत संपव, जेवण थंड होतं." दुसरी अट मी नक्की पाळेन. पहिली किती पाळली ते तुम्ही जेवताना सांगा.

विषय जरा रुक्ष वाटेल. पण आज दुपारच्या बैठकीत शाळेच्या संगणक कक्षासाठी निधी कसा खर्च करायचा, हा ठराव आपल्यापुढे येणार आहे. माझ्या विषयाचा त्या ठरावाशी सरळ संबंध आहे, म्हणून हाच घेतला.

१९८९ साली मी मुंबईत नोकरीला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत मेनफ्रेमवरच राहिलो. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या वापरतात तो मोठा संगणक. एकाच वेळी हजारो माणसं त्याच्याकडे काम मागत असतात. माझं काम होतं परफॉर्मन्स ट्यूनिंग. गाण्याआधी तबला लावून घेतात, तसं यंत्र लावून घ्यायचं. आणि त्यातही माझा बहुतेक वेळ गेला तो एकाच प्रश्नात : यंत्राच्या मेमरीत काय ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं.

हा प्रश्न आपल्या गगनबावड्याच्या बायकांना यंत्रांच्या आधीपासून माहीत आहे. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आपल्याकडे. मृग लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात यायची. तांदूळ, कडधान्यं, मिरच्या, मीठ, वाळलेली लाकडं. आता हे सगळं काही चुलीजवळ मावत नाही. चुलीजवळच्या फळीवर तिखट-मीठ, हळद, त्या दिवसाचं पीठ. बाकीचं माळ्यावर. लागेल तसं शिडी लावून खाली आणायचं, आणि खाली जागा नसेल तर आधी खालचं काहीतरी वर ठेवायचं.

संगणकातही तेच. चुलीजवळची फळी म्हणजे मुख्य मेमरी, म्हणजे रॅम. ती वेगवान, पण महाग आणि लहान. माळा म्हणजे डिस्क. ती स्वस्त आणि मोठी, पण शिडी चढावी लागते. प्रोसेसर, म्हणजे स्वयंपाक करणारा, फक्त फळीवरचंच वापरू शकतो. माळ्यावरची वस्तू थेट कढईत पडत नाही, आधी फळीवर यावी लागते.

ही फळी किती लहान होती ते ऐका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला. त्याचं नाव टिफ्रॅक. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर एकूण १० किलोबाइट. आज तुमच्या मोबाइलवर सकाळी 'शुभ सकाळ'चं जे गुलाबाचं चित्र येतं, ते एकसुद्धा त्यात मावणार नाही. आणि त्या १० किलोबाइटमध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी खरी संशोधनाची गणितं केली.

त्या काळी मेमरीत मावेल इतकाच प्रोग्राम लिहायचा. मोठा असेल तर प्रोग्रामरनेच त्याचे तुकडे पाडायचे, कुठला तुकडा कधी आत आणायचा आणि कुणाच्या जागेवर ठेवायचा हेही त्यानेच लिहायचं. निम्मी बुद्धी गणितात आणि निम्मी सामान हलवण्यात जायची.

हे काम यंत्रावरच का सोपवू नये, असा विचार इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने केला. त्यांचा ॲटलस हा संगणक डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाला. त्यांनी मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडले आणि त्यांना 'पेज' म्हटलं. आपण पान म्हणू. ॲटलसच्या मुख्य मेमरीत अशी ३२ पानं मावत. बाकीची पानं फिरत्या ड्रमवर, म्हणजे त्यांच्या माळ्यावर. प्रोग्रामरला वाटायचं की सगळी मेमरी एकसलग आणि मोठी आहे. प्रत्यक्षात यंत्र गुपचूप पानं खाली-वर करत असे. या ने-आणीला पेजिंग म्हणतात, आणि त्या मोठ्या भासणाऱ्या मेमरीला व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे आभासी मेमरी.

आयबीएमने १९७२ मध्ये हीच सोय आपल्या सिस्टीम/३७० मेनफ्रेममध्ये आणली. १९७४ मध्ये एमव्हीएस ही प्रणाली आली आणि तिने प्रत्येक कामाला १६ मेगाबाइटची स्वतंत्र आभासी जागा दिली. गंमत बघा, ५० कामं चालू असतील तर ८०० मेगाबाइट जागेचं आश्वासन झालं, आणि यंत्रात खरी मेमरी त्याच्या कितीतरी पटीने कमी. एका जमिनीचे पन्नास जणांना सातबारे द्यावेत तसं. पण ते चालायचं. कारण प्रत्येक जण आपली सगळी जमीन एकाच वेळी कसत नाही.

आता शिडी चढायला किती वेळ लागतो ते सांगतो. गणिताच्या सरांसमोर आकडा चुकून चालणार नाही, म्हणून लिहून आणलाय. १९८०च्या दशकात मेनफ्रेमला आयबीएम ३३८० नावाची डिस्क असे. त्या काळची ती उत्तम डिस्क. तिचं टोक योग्य जागी सरकायला सरासरी १६ मिलिसेकंद, आणि तबकडी फिरून हवा तो भाग टोकाखाली यायला आणखी साधारण ८ मिलिसेकंद. म्हणजे एक पान आणायला जवळपास २५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सेकंदाला एक कोटी आज्ञा पाळणारा प्रोसेसर अडीच लाख आज्ञा पाळू शकतो. एका आज्ञेला एक सेकंद धरला, तर एक पान माळ्यावरून आणायला २ लाख ५० हजार सेकंद, म्हणजे ६९ तास लागले. मीठ फळीवर असेल तर एका सेकंदात हातात. नसेल तर जवळजवळ तीन दिवसांनी.

मग यंत्र तीन दिवस हात जोडून बसतं का? नाही. ते दुसरी कढई चढवतं. एका कामाचं पान येईपर्यंत दुसऱ्या कामाला हात घालतं, ते अडलं की तिसऱ्याला. म्हणून थोडंफार पेजिंग असणं वाईट नाही. ते झाकलं जातं. मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो, पेजिंगचा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. तो कुणाला अडवतोय का, ते बघा.

बिघडतं कधी? एकाच वेळी फार कढया चढवल्या की. फळीवर जागा ठरलेली. कामं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला पानं कमी. पहिल्याचं पान आणायला दुसऱ्याचं वर टाकायचं. दुसऱ्याची पाळी आली की त्याला तेच पान हवं असतं, मग तिसऱ्याचं काढायचं. असं होत होत सगळे जण शिडीखाली उभे, आणि चुलीवर काहीच शिजत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर खळ्यावर भात नाही आणि बैल मात्र गरागरा फिरतायत.

आपल्याला हे घाटात दिसतं. करूळ घाट बंद झाला की सगळी वाहतूक भुईबावड्यावर येते. काही गाड्यांपर्यंत घाट हळूहळू का होईना, पण वाहता असतो. त्यानंतर आणखी चार ट्रक आत सोडले, की वळणावर समोरासमोर अडकून सगळंच थांबतं. रस्ता तेवढाच, इंजिनं सगळी चालू, डिझेल जळतंय, आणि वैभववाडीला कोणीच पोचत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांत एक मोठी मेख होती. सगळी कामं शिडीखाली उभी म्हटल्यावर प्रोसेसर रिकामा दिसायचा. यंत्रावर देखरेख करणाऱ्या प्रणालीला वाटायचं, प्रोसेसर मोकळा आहे तर आणखी कामं आत घेऊ. घेतली, की कोंडी दुप्पट. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये याचं कारण नीट मांडलं. प्रत्येक कामाला कुठल्याही क्षणी काही ठराविक पानं सतत लागत असतात. त्यांना त्याने 'वर्किंग सेट' म्हटलं. भाकरी करताना पीठ, पाणी, तवा, उलथणं. यातलं एक जरी माळ्यावर असेल तर भाकरी होत नाही. म्हणून ज्याचा वर्किंग सेट फळीवर पुरता मावतो, तेवढ्याच कामांना आत घ्या. बाकीच्यांना दाराबाहेर थांबवा. अर्धवट आत घेऊ नका.

मग कुठलं पान वर टाकायचं? जे सगळ्यात आधी आलं ते आधी काढा, हा नियम न्याय्य वाटतो. पण त्याचा एक विचित्र प्रकार आहे. बेलाडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तो दाखवला. घरी करून बघा. पानं या क्रमाने मागा : १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फळीवर तीन जागा असतील तर नऊ वेळा शिडी चढावी लागते. चार जागा असतील तर दहा वेळा! जागा वाढवली आणि फेऱ्याही वाढल्या. म्हणून मेनफ्रेममध्ये कोण आधी आलं ते बघत नाहीत. कुणाला बराच वेळ हात लागलेला नाही, ते बघतात. मिठाची बरणी घरात सगळ्यात जुनी असते, म्हणून कोणी ती माळ्यावर टाकत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. १९९०च्या दशकात आमच्या कंपनीने मला परदेशात एका विमा कंपनीकडे पाठवलं. नाव घेत नाही. हिवाळ्यात तिथे मोठं वादळ झालं. घरांची छपरं उडाली, झाडं पडली. आपल्याकडे वळवाच्या वाऱ्यात कौलं उडाली की काय हाल होतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तिथे वर थंडीही कडाक्याची. लोक विमा कंपनीला फोन करत होते. फोन घेणाऱ्या मुली पॉलिसीचा नंबर टाकायच्या आणि पडद्यावर माहिती यायची वाट बघत बसायच्या. एरवी एक-दोन सेकंदांत येणारी माहिती अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने येत होती. एकेक फोन लांबत होता आणि मागे रांग वाढत होती.

वरिष्ठांची बैठक बसली. प्रोसेसर कमी पडतोय, मोठं यंत्र मागवा, असं बहुतेकांचं मत. त्याला पैसा लागणार होता आणि काही आठवडेही. मी आणि तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आरएमएफचे अहवाल काढले. आरएमएफ म्हणजे यंत्राची नाडी मोजणारा प्रोग्राम. त्यात तीन गोष्टी एकदम दिसल्या. प्रोसेसर जवळजवळ निम्मा रिकामा होता. पानं आत आणण्याचा वेग नेहमीच्या कितीतरी पटीने वाढला होता. आणि पानाला किती वेळ हात लागलेला नाही, हे सांगणारा जो आकडा असतो, तो शून्याजवळ आला होता. तो आकडा मोठा असेल तर फळीवर निवांत जागा आहे. तो शून्याला टेकला, की आत्ता ठेवलेलं पान लगेच काढावं लागतंय. म्हणजे स्वयंपाकी मोकळा होता, कोंडी शिडीवर होती. मोठा प्रोसेसर आणला असता तर तो जास्त वेगाने वाट बघत बसला असता.

कारणंही सापडली. वादळाचा आढावा घ्यायला मुख्य कार्यालयाने मोठमोठे अहवाल मागवले होते, ते दिवसाच एकावेळी वीस-वीस चालत होते. शिवाय डेटाबेस वेगवान व्हावा म्हणून त्याची राखीव जागा वाढवली होती. हेतू असा, की माहिती डिस्कवरून पुनःपुन्हा वाचावी लागू नये. पण तेवढी खरी मेमरी नव्हती, त्यामुळे ती राखीव जागाच माळ्यावर जात होती. शिडी वाचवायला केलेल्या सोयीसाठीच शिडी चढावी लागत होती.

उपाय तसे साधे होते. डेटाबेसची राखीव जागा कमी केली. दिवसा चालणारे अहवाल वीसवरून आठवर आणले, बाकीचे रात्री. पण दुसऱ्या उपायाला कुणाची तरी परवानगी लागणार होती, कारण अहवाल साहेब लोकांचे होते. माझ्या सहकाऱ्याने बैठकीत तांत्रिक काही सांगितलंच नाही. तो एवढंच म्हणाला, "या क्षणी यंत्र दोघांनाही थांबवतंय. छप्पर उडालेल्या माणसालाही आणि अहवालालाही. कुणी थांबायचं ते आपण ठरवलं नाही, तर कोंडी ठरवेल." परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी पडदे पुन्हा एक-दोन सेकंदांत भरू लागले. आणि अहवालसुद्धा आधीपेक्षा लवकर पूर्ण झाले, कारण आठ कामं वाहती होती, वीस कामं अडकलेली होती.

नोकरीत मला जे कळलं ते एवढंच. यंत्र मंद झालं म्हणजे ते आळशी झालं असं नाही. बहुतेक वेळा ते जिवाच्या आकांताने सामान हलवत असतं. त्याला वेग देण्याआधी, एका वेळी त्याने किती हातात घ्यायचं ते ठरवावं लागतं. आणि मग कोणी थांबायचं, हा प्रश्न यंत्राचा राहत नाही, माणसांचा होतो. आकडे फक्त सांगतात की निवड करायची वेळ आली आहे.

आज मेमरी स्वस्त झाली. मेनफ्रेम २००० साली ६४ बिटांचे झाले, आणि आता नीट आखलेल्या यंत्रावर पेजिंग जवळपास शून्य असतं. मग हे सगळं सांगायचं कारण काय? कारण मेनफ्रेममधलं हे पेजिंग आज शाळेच्या प्रत्येक संगणकात आहे, आणि तुमच्या घरच्याही.

आता ठरावाकडे येतो. संगणक कक्षातले संगणक फार संथ चालतात, मुलांचा तास सुरू व्हायलाच वेळ जातो, म्हणून सगळे बदलून नवे द्यावेत, असा प्रस्ताव आहे. भावना चांगली आहे, निधीही आपण सगळ्यांनी मनापासून दिलाय. माझी विनंती एवढीच, की आधी नाडी बघू. प्रत्येक संगणकात टास्क मॅनेजर नावाचा एक पडदा असतो. तोच आपला छोटा आरएमएफ. मुलं नेहमी उघडतात ते सगळं उघडायचं आणि तीन आकडे बघायचे : प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. मेमरी काठोकाठ भरलेली, डिस्क सतत शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र रिकामा असेल, तर तो संगणक म्हातारा झालेला नाही, त्याची फळी लहान आहे. रॅम वाढवली आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या थोड्या भागात तो मुलांच्या कामाचा होईल. उलट प्रोसेसरच सतत शंभर टक्क्यांवर दिसला, तर नवा संगणक घ्यायला मी पहिला हात वर करीन.

म्हणून माझी सुधारणा अशी : आधी दोनच संगणकांत रॅम आणि डिस्क बदलून बघू. महिनाभर बाईंनी त्यांवर तास घ्यावेत आणि फरक आम्हाला कळवावा. मग उरलेल्या निधीचं ठरवू. पैसा वाचला तर माझ्या मते तो ग्रंथालयाला द्यावा, किंवा पावसात दोन-दोन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलींच्या गाडीखर्चाला. तिथे कुणाला थांबवायचं आणि कुणाला आधी घ्यायचं हे मेमरीच्या आकड्यांवरून कळत नाही. ते बैठकीत तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

जेवणानंतर ज्यांना बघायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर संगणक कक्षात यावं. गणिताचे सर येणार असतील तर वही आणि पेन्सिल मी आणतो, आकडे लिहून घ्यायला. ते तपासायचं काम सरांचं.